झाकणाखालचं क्रियापद



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते वर्गात कधी चिडत नसत, असं मोहोपाड्यात आल्या आल्या तिघांनी मला सांगितलं. चौथ्या गृहस्थांनी मला जरा बाजूला घेतलं आणि म्हणाले, चिडत नसत हे काही खरं नाही. ते गप्प बसायचे. आणि ते गप्प बसले की अख्खा वर्ग वहीत मान घालायचा. आजच्या माझ्या विषयाला पहिल्या तिघांपेक्षा या चौथ्या माहितीचा उपयोग जास्त आहे.

विषय एका क्रियापदाचा आहे, आणि ते इंग्लिश आहे. इंग्लिशच्या मास्तरांच्या व्याख्यानमालेत तेवढं चालेल असं मी धरून चाललो. क्रियापद आहे ‘सीद’. राग आलेला आहे, प्रचंड आलेला आहे, पण माणूस बोलत नाही, हात उचलत नाही, फक्त आत काहीतरी चाललंय, या अवस्थेला इंग्लिशमध्ये ‘सीद’ म्हणतात.

माझी आणि या शब्दाची गाठ भाषांतरात पडली. कादंबरीतला प्रसंग साधा होता. रात्री बाप जेवायला बसलाय, मुलगा फार उशिरा घरी येतो. बाप एक अक्षर बोलत नाही, चमच्याने सूप पीत राहतो. लेखिकेने बापासाठी एवढं एकच क्रियापद वापरलं होतं. मी बेधडक लिहिलं, ‘बाप रागाने उकळत होता.’ हस्तलिखित परत आलं तेव्हा संपादकबाईंनी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात विचारलं होतं, ‘बाप की बटाटे?’

मला राग आला. म्हणजे मी काय केलं, तर गप्प बसलो. आणि कोश उघडला.

कोशाने बाईंची बाजू घेतली. ‘सीद’ हा इंग्लिशचा अगदी घरचा, जुना शब्द. जुन्या इंग्लिशमध्ये त्याचं रूप ‘सेओथान’ असं होतं आणि अर्थ होता पाण्यात घालून शिजवणं. रागाचा त्यात मागमूसही नव्हता. मांस शिजवा, कंद शिजवा, पाला शिजवा, त्याला ‘सीद’. म्हणजे बटाटे. (बटाटा युरोपात फार उशिरा आला हे मला माहीत आहे, पण बाईंचा मुद्दा तेवढ्याने पडत नाही.) डचांकडे आणि जर्मनांकडे तो शब्द आजही ‘झीडेन’ या रूपात आहे, आणि अजून उकळण्याचं काम करतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ उत्कलनबिंदूला ‘झीडेपुंक्ट’ म्हणतो. त्या शब्दाचा पहिला अर्धा भाग म्हणजे सूप पिणाऱ्या बापाचा राग, फक्त राग वजा करून.

उत्कलनबिंदू या शब्दावर समोर काही माना वर झालेल्या दिसल्या. साहजिक आहे. शेजारच्या स्टेशनचं नावच रसायनी आहे, आणि १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्समध्ये ज्यांनी पाळ्या केल्या त्यांना कुठला द्रव कुठे उकळतो हे मी सांगायला नको. तिथे ॲनिलीन व्हायचं. ॲनिलीन उकळतं १८४ अंश सेल्सिअसला. आणि आपल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेल्या एका भाताच्या वाणाचं नाव ‘कर्जत-१८४’. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण एका बाजूला भट्टी आणि दुसऱ्या बाजूला भाताचं खाचर असलेल्या या मुलखात उकळण्यावर व्याख्यान द्यायचं, तर हा योगायोग न सांगता खाली बसणं मला जमलं नसतं. त्या कारखान्याचे रसायनीतले विभाग बंद करण्याचा निर्णय २०१७ साली झाला. रॉकेटसाठी लागणारं रसायन बनवणारं एक युनिट तेवढं इस्रोकडे गेलं. त्या निर्णयानंतर इथल्या घराघरांत मनाची जी अवस्था झाली असेल, तिला कोणतं क्रियापद लावायचं हाच आजचा प्रश्न आहे.

तर, ‘सीद’चं पुढे काय झालं? १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकतो. राज्य करणाऱ्यांची भाषा फ्रेंच होते आणि हळूहळू तिचे शब्द मुदपाकखान्यात शिरतात. ‘बॉइल’ हा त्यांपैकी एक. मुळात तो लॅटिनमधला, बुडबुड्यावरून आलेला. मोठ्या घरात जे उकळायचं त्याला ‘बॉइल’ म्हणू लागले, आणि जुना ‘सीद’ मागच्या दाराशी जाऊन बसला. लगेच मेला नाही. १६११ साली छापलेल्या इंग्लिश बायबलात तो चुलीजवळच आहे. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये अशी जी मनाई आहे, तिथे ‘सीद’ आहे. धाकटा याकोब मसुराची आमटी शिजवतो आणि भुकेलेला थोरला भाऊ तिच्यासाठी आपला वडीलहक्क विकून टाकतो, तिथे त्याचं भूतकाळी रूप आहे, ‘सॉड’. या क्रियापदाचं आणखी एक जुनं रूप आजही भेटतं, ते म्हणजे ‘सॉडन’. मूळ अर्थ शिजलेलं. आज अर्थ पाण्याने गच्च भिजलेलं. जुलैमध्ये मोहोपाड्याच्या बाजारातून घरी पोचेपर्यंत आपल्या पायजम्याची जी अवस्था होते, ती. आज इंग्लिश बोलणाऱ्या माणसाला सांगितलं की रागाने धुमसणारा तुझा बाप आणि तुझे भिजलेले मोजे एकाच क्रियापदाची लेकरं आहेत, तर त्याला खरं वाटायचं नाही.

मनासाठी हा शब्द वापरायला सुरुवात झाली ती साधारण याच सुमाराला. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये उकळते मेंदू आहेत. पण ते कोणाचे? रागावलेल्यांचे नव्हेत. प्रेमिकांचे आणि वेड्यांचे. म्हणजे उकळी मनात शिरली तेव्हा तिचं नेमकं काय करायचं हे अजून ठरलेलं नव्हतं. प्रेम होऊ शकलं असतं, वेड होऊ शकलं असतं. पुढे गर्दी, समुद्र, डोकी असं फिरत फिरत ते क्रियापद रागापाशी येऊन थांबलं. आणि तोवर स्वयंपाकघरातलं काम सुटलेलं होतं. आज लंडनमध्ये कोणी बटाटे ‘सीद’ करत नाही.

मराठीत उकळी कोणाच्या वाट्याला आली, हे बघायला गेलो आणि तिथे मी चांगलाच अडकलो.

आपलं जुनं क्रियापद ‘कढणे’. संस्कृतात क्वथ् धातू, त्याचा क्वाथ, त्याचा आपला काढा. कढी, लोणी कढवणं, सगळी एका घरची माणसं. हे क्रियापद मराठी मनात शिरलं तेव्हा त्याचं काय झालं? दुःख झालं. ‘आईच्या आठवणीने कढ आले’ असं आपण म्हणतो. मायेचे कढ येतात, कढ दाबले जातात. कोणी स्टेजवर फार रडवेलं बोलायला लागला तर ‘देशभक्तीचे कढ’ म्हणून टोमणाही मारतो. पण रागाचा कढ? निदान माझ्या कानाला तो खटकतो. इंग्लिश माणूस उकळला की रागावतो, मराठी माणूस कढला की रडतो. मला हे फार मोठं वाटलं. तेच पाणी, तोच विस्तव. याच्या उलट वाफेचं. त्यांच्याकडे वाफ बाहेर सोडणं म्हणजे राग मोकळा करणं, आपल्याकडे तोंडची वाफ दवडणं म्हणजे फुकट बोलणं. मी इथे पाऊण तास जे करतोय ते.

मुळात मराठीचं रागाचं खातंच जरा उलटसुलट आहे. ‘राग’ हाच शब्द घ्या. संस्कृतात रञ्ज् म्हणजे रंगणं, लाल होणं. त्यावरून राग म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. अनुराग त्यातलाच, गाण्यातला रागही त्यातलाच. राग आणि द्वेष ही तिथे दोन टोकं आहेत. मराठीने काय केलं, तर ते टोक फिरवलं. आपल्याकडे ‘मला तुझा राग येतो’ म्हणजे प्रेम येतं असं नव्हे. निदान नेहमी नव्हे. आणि याच्या बरोबर उलटा प्रवास ‘रुष्’चा. संस्कृतात तो खरा संताप. मराठीत त्याचा ‘रुसणे’ झाला. म्हणजे ज्याला ते प्रेम म्हणत त्याचा आपण राग केला, आणि ज्याला ते राग म्हणत त्याचा आपण रुसवा केला, तोही बहुतेक लाडाचा. ‘कोप’ तेवढा वरच्या वर्गात राहिला. कुप् म्हणजे खळबळणं. रशियन भाषेत उकळण्याला ‘किपेत’ म्हणतात, आणि तो आणि आपला कुप् हे शब्दशास्त्रज्ञ एकाच मुळाशी नेतात. म्हणजे उकळीतून राग हा रस्ता आपल्याही घराण्यात फार जुना आहे. पण मराठीत कोप सामान्य माणसाचा होत नाही. तुम्हाआम्हाला राग येतो, देवीचा कोप होतो आणि साहेबांची नाराजी असते.

इंग्लिश आणि मराठी नकळत एकाच ठिकाणी येऊन उभ्या राहतात असंही होतं. इंग्लिशमधला ‘रेज’ हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनच्या ‘रेबीझ’ या शब्दातून आला. कुत्रा चावल्यावर ज्याची सुया टोचून भीती घालवतात तो रेबीज, तोच. आणि मराठीत? पिसाळणे. पिसं म्हणजे वेड. कुत्रं पिसाळतं आणि माणूसही पिसाळतो. लॅटिन बोलणारा आणि मराठी बोलणारा, दोघांनी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गल्लीत, तोंडाला फेस आलेलं कुत्रं पाहिलं आणि दोघांनाही आपल्याच घरातलं कोणीतरी आठवलं. दुसरं उदाहरण ‘फ्यूम’. लॅटिन ‘फूमुस’ म्हणजे धूर, आणि तो आपल्या ‘धूम’चा सख्खा भाऊ. इकडे आपलं ‘धुमसणे’ आहे, त्याच्या पोटातही धूमच दिसतो. इथे नुसतं साम्य नाही, रक्ताचं नातं आहे.

हे सगळं बघून झाल्यावर मी परत त्या सूप पिणाऱ्या बापाकडे आलो. धुमसत होता? जवळ जातं. पण धुमसणाऱ्या लाकडाला दिवस चालतात, आणि या बापाला रात्रीत काहीतरी होणार होतं. चरफडत होता? चरफडणाऱ्या माणसाचे ओठ हलतात, हात चोळले जातात, तो थोडा केविलवाणाही असतो. अंगाचा तिळपापड? निखाऱ्यावर पापड नाचतो, हा तर जागचा हलत नव्हता. तळपायाची आग मस्तकात गेली, डोक्यात राख घालून घेतली, पारा चढला, तो उखडला, खवळला, चवताळला. मराठीची ही भांडणातली श्रीमंती आहे, पण हे सगळे राग दिसणारे, ऐकू येणारे. झाकणाखालचा राग कुठला?

तो शब्द समोरच होता, रोजच्या वर्तमानपत्रात. खदखद.

खदखद हा आवाजातून आलेला शब्द. जेम्स थॉमस मोल्सवर्थने जॉर्ज आणि थॉमस या कँडी बंधूंच्या साथीने १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. त्या कोशात मला सगळ्यात आवडतात ती ही आवाजी माणसं. मराठी माणसाच्या तोंडून पडलेला प्रत्येक खळखळाट, कडकडाट, फडफडाट त्या गोऱ्या लष्करी माणसाने इमानाने टिपून ठेवलाय. आपल्याच पंडितांनी असल्या शब्दांना कोशात पाय ठेवू दिला असता की नाही, मला शंका आहे.

पण खदखद नेमकी कशाची? इथे मी जरा चुलीपाशी बसणार आहे. भात करायला पातेल्यात पाणी ठेवलं. थोड्या वेळाने तळाला मोहरीएवढे बुडबुडे धरतात आणि पाणी बारीक सुरात गुणगुणायला लागतं. मग आधण येतं. आधणाच्या पाण्याचा आवाज खळखळ, मोकळा, उथळ. धुतलेले तांदूळ वैरले की एकदम चिडीचूप. थंड तांदळाने पाण्याची बोलती बंद केलेली असते. पातेलं पुन्हा तापतं, तांदूळ फुगतात, पेज दाट व्हायला लागते, आणि आता बुडबुड्याला सरळ वर येता येत नाही. त्याला त्या दाटीतून वाट काढावी लागते. वरची साय फुगते, फुटते, आणि ‘खद’ असा आवाज येतो. मग दुसरीकडून ‘खद’. ही खदखद. पाण्याला ती येत नाही. डाळीची वेगळी, ती रटरटते. गोव्याकडे भाज्यांचं जे खतखतं करतात, त्याच्या नावात हाच आवाज आहे. खदखद यायला तीन गोष्टी लागतात. खालून आच, वर झाकण आणि मध्ये दाटपणा.

तिसरी गोष्ट इंग्लिश शब्दात नाही. ‘सीद’मध्ये आच आहे, भांडं आहे. पण आत काय आहे, पातळ की दाट, याचा त्याला पत्ता नाही. मराठी कानाने तेवढं टिपलं. मजा बघा, आपण खळखळून हसतो आणि खदखदूनही हसतो. दोन्ही आवाज हसण्याने घेतले. रागाने मात्र दोन्ही घेतले नाहीत. ‘असंतोष खळखळत होता’ असं कोणी लिहीत नाही. राग दाटच असावा लागतो, एवढं न शिकवता सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

आणखी एक. ‘तो खदखदत होता’ असं आपण सहसा म्हणत नाही. खदखदतो तो असंतोष, आणि तो पुष्कळांचा मिळून. एकट्याची असेल तर ती ‘मनातली खदखद’ होते, आणि निवडणुकीची तिकिटं जाहीर झाली की नाराज कार्यकर्ते ती पत्रकारांपुढे व्यक्त करतात. व्यक्त केलेली खदखद ही खदखद कशी उरते, हे मला न सुटलेलं कोडं आहे. झाकण काढून दाखवलेली वाफ ती.

पुष्कळांची खदखद म्हणजे काय याचं उदाहरण शोधायला आपल्याला जिल्हा सोडावा लागत नाही. १९३३ साली या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रायगड झालं १९८१ च्या १ जानेवारीला. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय घेतला. संप १९३९ पर्यंत चालला. त्याची गोष्ट सांगताना आपण नेहमी निर्धार, लढा, एकजूट हे शब्द वापरतो. ते बरोबरच आहेत. पण मी त्यातल्या चुलीचा विचार करतो. भाताच्या मुलखात भात न पेरायचा. पाऊस पडतोय, खाचरं भरताहेत, गुडघाभर चिखलात उतरायची हातापायांना सवय आहे, आणि उतरायचं नाही. पुढच्या वर्षी परत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी परत नाही. हे भडकणं नव्हे. भडकलेला माणूस एका रात्रीत काय ते करून मोकळा होतो. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, तेव्हा चरीची शेतं आधीचे तीन-चार पावसाळे नांगराविना होती. ‘सीद’ला मराठीत काय म्हणतात असं मला कोणी विचारलं, तर मी शब्द सांगण्याआधी चरीची ही सालं सांगीन.

आता शेवटचं, आणि थोडं काळजीचं. मघाशी मी भाताच्या पातेल्याचं वर्णन केलं तेव्हा मागच्या रांगेतल्या काही तरुण चेहऱ्यांवर काहीच हललं नाही. त्यांचा दोष नाही. घरात कुकर आहे. १६७९ साली दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपलं घट्ट झाकणाचं भांडं ठेवलं, आणि ते फुटू नये म्हणून पुढे त्यावर वाफेची झडप बसवली. त्या भांड्याची वंशज आपल्या ओट्यावर शिट्ट्या मारत असते. कुकरमध्ये भात खदखदतो की नाही कोणाला माहीत? आपण शिट्ट्या मोजतो. इंग्लिशमधला ‘सीद’ चुलीवरून उठला तो एका फ्रेंच शब्दामुळे. मराठीतली खदखद उठते आहे ती एका फ्रेंच माणसाच्या झाकणामुळे. कधीतरी तिचंही तेच होईल. आवाज विसरला जाईल, राग तेवढा मागे राहील.

मला वाटलं ते खरं का, म्हणून मी इकडच्याच एका शाळेत सातवीच्या वर्गात जाऊन विचारलं. खदखद कशाची असते? हात भराभर वर झाले. असंतोषाची, सर. जनतेच्या मनातली, सर. एकाने तर कार्यकर्त्यांची म्हणून सांगितलं. मी फळ्याकडे वळणार एवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावरची एक मुलगी, ठाकूरवाडीतून चालत येणारी, बसल्या बसल्याच म्हणाली, ‘भाताची.’

वर्ग हसला. मी तिला विचारलं, मग भात खदखदायला लागला की तू काय करतेस?

‘झाकण तिरकं करते,’ ती म्हणाली. ‘नाहीतर उतू जातो ना.’ आणि माझ्याकडे जरा संशयाने बघत तिने विचारलं, ‘तुमच्याकडे जात नाही का उतू?’

मी म्हटलं, आमच्याकडे कुकर आहे.